किंगला वाट द्या

अलाकानुक, यूकॉन नदीचं मुख
१२ जून

ती. दोमितिलाताईस,
खालच्या अंगाच्या सगळ्यांच्या वतीने धाकट्याचा सा. न. वि. वि.

बर्फ यंदा उशिरा फुटला, पण घरात सगळे धडधाकट आहेत. कॉर्डेलियाचा गुडघा दुखतो. तरी ती रोज किनाऱ्यावर येते आणि नवऱ्याला जाळं नीट रचता येत नाही, हे सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. म्हणजे तब्येत उत्तम.

आता रागाचं. मासे आलेत ताई. चम जातीचे सामन इतके, की होडीखालचं पाणी काळं दिसतं. आणि आमची जाळी दांडीवर वाळताहेत. मत्स्यखात्याचं म्हणणं असं, की चमच्या थव्यात मोठे किंग सामन मिसळलेले आहेत, किंग फार कमी उरलेत, आणि आमच्या जाळ्यात किंग घुसला की कल्ल्यांत दोरा रुतून मरतो. म्हणून किंग वर निघून जाईस्तोवर विक्रीची मासेमारी बंद. किंग जातील तोवर चमही जातील, मग आम्ही काय पाणी विकायचं? वर्षभराचं चुलीचं तेल आणि बर्फगाडीचं पेट्रोल याच दिवसांत निघतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

ते एक वेळ सोसेन. पण परवा फोनवरच्या सभेत मुखापासून देशाच्या सरहद्दीपर्यंत सगळी नदी ऐकत असताना आपले दाजी म्हणाले, की खालचे लोक मासा खातात आणि आम्हाला नुसता वास पाठवतात. सभागृहात सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आपला मावसभाऊ प्लॅसिड माझ्या कानाशी म्हणाला, बहीण वरच्यांना दिलीत, आता नदीही देऊन टाका. मी रात्री जेवलो नाही. कॉर्डेलिया म्हणाली, तेवढीच बचत.

राग दाजींवर आहे, तुझ्यावर नाही. तुझी माया तेवढी आटू देऊ नकोस.
तुझा,
इसिडोर

रुबी, यूकॉन नदीचं वरचं अंग
१९ जून

चि. इसिडोर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, तापलेल्या डोक्यावर जरा जास्तच.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. अल्टोना म्हणाले, बोललो ते बोललो. त्यांच्या सुराबद्दल मी भांडले. बोललेल्या गोष्टीबद्दल मला भांडता आलं नाही, आणि का ते तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

मागच्या जुलैत आमचं प्रवाहावर फिरणारं मासे पकडायचं चाक महिनाभर नदीत फिरलं आणि पालापाचोळा वर काढत राहिलं. धूरघरात टांगायला काही नव्हतं. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण होतं. त्या पंगतीत किंग वाढायचा असतो, तो या लोकांचा मान आहे. आम्ही शहरातून विमानाने आणलेली कोंबडी वाढली. अल्टोनांनी म्हाताऱ्यांना स्वतःच्या हाताने वाढलं आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही.  

मी मुखाशी जन्मले आणि रुबीत संसार केला. तुमचे रिकामे हातही मला दिसतात आणि यांचं रिकामं धूरघरही. म्हणून एक विचारते. आमच्या चाकातून मासा जिवंत पेटीत पडतो, हवा तो ठेवता येतो, नको तो सोडता येतो. तुमच्या जाळ्याला निवड करता येत नाही. मग निवड करता येईल असं काही शोध ना. तुला ओरडता येतं हे सगळ्या नदीला कळलंच आहे, आता दुसरं काय येतं ते दाखव.

कॉर्डेलियाच्या गुडघ्याला अस्वलाची चरबी चोळ. उलट टपाली लिही, नाहीतर मी फोन करीन आणि सगळ्यांसमोर तुझं लहानपणचं नाव घेईन.
तुझी,
ताई

अलाकानुक
३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर मी दोन दिवस धुसफुसलो आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागलो. लांब दांड्याला मोठं कडं आणि कड्याला जाळ्याची पिशवी, एवढंच. होडी प्रवाहाबरोबर सोडायची, कडं पाण्यात धरून बसायचं आणि मासा आदळला की उचलायचं. प्लॅसिडने विचारलं, फुलपाखरंही पकडणार का. सगळे हसले. मीही हसलो, कारण दिसत तसंच होतं.

खात्याची मेरेडिथ विमानाने आली होती. तिच्यापुढे ते कडं ठेवलं आणि म्हटलं, याने चम धरू दे, किंग हातानं सोडू. तिने कडं उलटसुलट करून पाहिलं, मग स्वतः होडीत बसून दिवसभर भिजली. संध्याकाळी तिने परवानगी दिली. अट एकच, किंग होडीत घ्यायचा नाही, पाण्यातल्या पाण्यात मोकळा करायचा. नाही जमलं तर पुन्हा बंद. तिने ते गोड शब्दांत गुंडाळलं नाही, ते मला आवडलं.

पहिल्या दिवशी खांदे-दंड असे भरून आले, की कॉफीचा पेला उचलेना. पण आठवडा संपेतो आख्खं गाव कडी घेऊन नदीत होतं. खरेदीच्या शेडमध्ये पुन्हा बर्फ फोडायचे आवाज येऊ लागले. परवा माझ्या कड्यात किंग आला, लहान मुलाएवढा. कॉर्डेलिया पुढे बसली होती. वर्षभर आमच्या घरात किंगचा तुकडा नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सोड लवकर, माझं मन फिरायच्या आत." मी कडं बुडवलं. शेपटीचा एक फटकारा तोंडावर बसला आणि तो गेला.

आता जे लिहितो ते मावशीकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. प्लॅसिडच्या ताडपत्रीखाली मला किंगची शेपटी दिसली. आसपास खात्याचं कुणी नव्हतं. पण गावाने लक्ष ठेवायला मला नेमलंय. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, आईला दुसरं काही गिळवत नाही. ते खरं आहे, मावशी फार खंगली आहे. मी शेडमध्ये सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, हा मासा मावशीला नेऊन दे, आणि तुझं कडं या हंगामापुरतं माझ्या दारात आणून ठेव. मग मेरेडिथला मीच फोन करून सगळं सांगितलं.  आम्ही काय केलं ते तिने पुन्हा विचारून घेतलं आणि मासेमारी चालू ठेवली.

प्लॅसिडने कडं आणून आपटलं. मावशीने मला दार उघडलं नाही. चुकलो असं वाटत नाही ताई. पण तिच्या घरावरून जाताना पाय जड होतात.

दाजींना सांग, यंदा वासापेक्षा जास्त काहीतरी येतंय.
तुझ्या आशीर्वादावर उभा,
इसिडोर

रुबी
२२ जुलै

चि. इसिडोर यास,
आशीर्वाद.

आले रे. किंग आले. मेरेडिथच्या मोजणीत आकडे चढत गेले, तशी खात्याने आम्हाला घरच्यापुरतं धरायला चाक चालवू दिलं. अट एवढीच, की नको तो मासा सोडायला चाकाशी माणूस बसलेला हवा. अल्टोना तराफ्यावर जाऊन बसले. मी सुरीला धार लावून तयार.

पहिला किंग पेटीत धपकन पडला, लालसर, भरलेला. इतक्या लांब येऊनही अंगात जोर केवढा. यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि नदीत सोडून दिला. मी विचारलं, वेड लागलं का. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "खाली त्यांनी पोटाला चिमटा काढून सोडलाय. मी इथे सुरी लावू?" तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. माझ्या उशीखालून काढून त्यांनीच वाचलं असणार. शेजारच्याने दुरून शिव्या घातल्या. हे पेटीशी बसून राहिले, दिवसभर सोडत राहिले.

मावशीला मी लिहिलंय. तू योग्यच केलंस. आता उकडलेला चम घेऊन जा आणि दार उघडेना तर पायरीवर बस. ती तुला पावसात बसवणार नाही. प्लॅसिडचं कडंही स्वतःच्या हाताने परत दे, हंगाम संपायची वाट बघू नकोस.
तुझी,
ताई

रुबी
२५ ऑगस्ट

मेहुण्यास,
अल्टोनाचा नमस्कार.

मला पत्रं लिहायची सवय नाही. तुझी बहीण समोर बसून शुद्धलेखन तपासते आहे.

सरहद्दीपलीकडे अंडी घालायला जेवढे किंग पोचायला हवे होते, त्याहून जास्तच पोचले. हे मेरेडिथने सभेत सांगितलं, तेव्हा तू मावशीकडे जेवायला गेला होतास असं कळलं. म्हणून मी त्या सभेत काय बोललो ते तुला स्वतः लिहितो. मी म्हणालो, की हे मासे मुखाच्या लोकांनी हाताने वर पाठवले. सगळी नदी ऐकत होती.

एका किंगला चाकाची फळी लागली होती, तो जगला नसता. त्याचे धुरावलेले तुकडे टपालाच्या याच विमानाने पाठवले आहेत. पहिला मावशीला दे. आभार मानू नकोस.

हिवाळ्यात पुढच्या वर्षीचे नियम ठरवायला सगळे शहरात जमतील. किंग सोडायला वरच्या प्रत्येक चाकाशी यंदासारखा पुढेही माणूस बसलाच पाहिजे, असं मी मांडणार आहे. माझेच लोक माझ्यावर ओरडतील. तेव्हा समोरच्या बाजूला बसू नकोस. माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवतो.
अल्टोना