वकीलसाहेबांचा बसलेला घसा

मंगळवार, रात्र

सकाळी समोरच्या वकिलांच्या ज्युनिअरने अर्ज दिला. साहेबांचा घसा बसलाय म्हणे, पुढची तारीख द्यावी. मिळाली. घराच्या ताब्यासाठी बिबवेवाडीहून आलेल्या माझ्या अशील, सुमनकाकू, कठडा धरत जिना उतरल्या.

संध्याकाळी बाररूममध्ये त्याच साहेबांचं व्याख्यान. विषय काय, तर वकिली आणि नीतिमत्ता! माइक बंद पडला, तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत. काय तो बसलेला घसा! तारीख देणारे न्यायाधीश पुढेच बसून मान डोलावत होते. आणि मी? आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. केलं, अगदी रीतसर.

आत्ता काकूंचा फोन आला. "अहो, त्या वकीलसाहेबांना आल्याचा रस मधातून घ्यायला सांगा. घसा लगेच मोकळा होतो."

सांगतो, म्हणालो.