चाकाखालचा ठोकळा

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर मी गप्प राहिले, म्हणून तू धरून चाललास की आई तयार झाली. तसं काही नाही. बोलले असते तर तू मध्येच तोडलं असतंस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझं म्हणणं असं, की बाबा गेले, आता ती हिरवी गाडी विकावी आणि मी कायमचं तुझ्याकडे राहायला यावं. जिचा हँडब्रेक लागत नाही, ती गाडी एकटी बाई उतारावर लावणार कशी? गिऱ्हाईकही तूच शोधलंस. रविवारी येणार म्हणे.

हँडब्रेक लागत नाही हे तू मला सांगतोस? पेट्यांतून आलेल्या सुट्या भागांची ती जुन्या रेसच्या गाडीची नक्कल बाबांनी मागच्या शेडमध्ये उभी केली, तेव्हापासून आमची कामं वाटलेली. त्यांनी पायाने ब्रेक दाबून बसायचं, मी त्या बुटक्या गाडीतून कशीबशी बाहेर पडून मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा. ‘ठोकळा लाव गं’ हे मी लग्नाच्या हॉलबाहेर ऐकलंय, दवाखान्याच्या दारात ऐकलंय, तेही चांगले कपडे घालून. ठोकळा लावणारी मी, म्हणून चालवणारे कायम ते. माझं लायसन्स लग्नाआधीचं आहे, हे तुला तरी आठवतं का? कुणी विचारलं की बाबा सांगायचे, कंपनीने भागच चुकीचे पाठवले. मीही मान डोलवायचे.

तुझा फोन ठेवला आणि गाडी स्टँडवर चढवून, चटई टाकून खाली शिरले. जन्मभर कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त केल्या, त्यापुढे हा हँडब्रेकचा एक दांडा काय. भाग चांगले होते रे. तुझ्या बाबांनी केबल धरणारा डावा कंस उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता, त्यामुळे केबल वाकून अडकायची. त्यात दांडा नुसत्या फायबरच्या तळाला आवळलेला. ओढला की केबल ताणण्याऐवजी तळच वर यायचा! पडल्या पडल्या मी त्यांना भरपूर बोलून घेतलं. मग रडले. त्यांनी चूक कबूल केली नसतीच, पण भांडायला किती मजा आली असती.

कंस आपापल्या बाजूला बसवले, तळाखाली पोलादी पट्टी घालून बोल्ट आवळले. तरी दांडा ओढला की उजवं चाक धरायचं आणि डावं खुशाल फिरायचं. पुन्हा खाली शिरले, दोन्ही केबलींचा ताण सारखा केला. गॅरेजवाल्याला मुद्दाम तपासायला लावलं. त्याने विचारलं, काकू, कुणाकडून करून घेतलंत? मी म्हटलं, घरच्याच माणसाकडून.

काल दवाखान्यामागच्या उतारावर दांडा ओढला, पाय काढला आणि उतरले. गाडी तसूभर हलली नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तिच्याकडे बघत राहिले. येणारेजाणारे माझ्याकडे बघत होते.

गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलंय. त्याच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर माझ्यावर चीड. सूनबाई म्हणाली, चिमीचं सामान हलवून तिची खोली माझ्यासाठी रिकामी केलीत. तुमची माया मला कळते, पण पोरीचा पसारा तिला परत द्या. रविवारी मी येते आहे ती जेवायला. संध्याकाळी माझ्या घरी परत जाईन, स्वतः गाडी चालवत. तुझ्या दारासमोर तो उभा उतार आहे ना, तिथेच गाडी लावणार आहे. सवयीने वीट घेऊन धावत येऊ नकोस. दारात उभा राहा आणि मला उतरताना बघ. ठोकळा मी आणणार नाही, तो आता शेडचं दार अडवायला ठेवलाय.

तुझीच,
आई