चंद्राक्काला माझा आवाज जात नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
धारवाडला चंद्राक्काकडे इंटरनेट फोन बसवून बसवनगुडीत घरी परतलो. तिची जुनी लँडलाइन माझ्याच हट्टाने बंद केली. भावजी गेल्यापासून अक्का एकटी, मोबाइलला हात लावत नाही. आता माझ्याशी रोज फुकट बोलेल. कोर्सबिर्स न करता सर्व्हर मी स्वतः उभा केला, हे नोंदवून ठेवतो.

४ नोव्हेंबर
तिचा आवाज मला येतो, माझा तिला जात नाही. नॅटची भानगड. तिचा फोन घरातलाच पत्ता बाहेर सांगतो. पाकिटावर नुसतं ‘माजघर’ लिहिलं तर पत्र पोचेल का? दोष तिच्या राउटरचा. कंपनीकडे कडक तक्रार केली. उद्या दहा मिनिटांचं काम.

५ नोव्हेंबर
दहा मिनिटांत झालं नाही.
बायकोने, अनुसूयेने, अक्काच्या शेजारच्या महानंदाला मोबाइलवर गाठून निरोप दिला: वन्संना म्हणावं, टेस्ट चालू आहे, तुम्ही आपल्या बोलत राहा.
अक्का बोलली. आधी वांग्यांचा भाव. मग म्हणाली, रघू, एक बरंय, आज मध्ये तोंड घालत नाहीयेस. हे गेले त्या दिवशी तुला म्हटलं, हार्ट अटॅक आला रे. तर तू काय म्हणालास? अटॅक नव्हे अक्का, कार्डिॲक अरेस्ट. दोन्ही वेगळे.
दोन्ही वेगळे आहेतच.
रात्री जेवण गेलं नाही.

६ नोव्हेंबर
चूक सापडली. माझ्याच सर्व्हरवर. नॅटच्या चौकटीत टिक करायची राहिली होती. कंपनीवरची तक्रार मागे घेतलेली नाही. त्यांनाही स्वल्प शिस्त लागेल.
संकल्प: उद्या पहिलं वाक्य माफीचं. मग फक्त ऐकायचं.

७ नोव्हेंबर, सकाळ
लागला! ऐकू येतंय रे, म्हणत अक्का रडलीच. मग म्हणाली, झाला का माझा राउटर नीट?
मी म्हटलं, राउटर नव्हे अक्का, सर्व्हर. दोन्ही वेगळे.
अक्का म्हणाली, सरी, बरं, आमटी उतू जातेय. ठेवला.
अनुसूयेने कपाळावर हात मारला.

दुपार
महानंदाचा फोन. अक्काचा निरोप: रघूला सांग, ती टेस्टच परत लाव.

संध्याकाळ
टिक काढली. तात्पुरती.
अक्का पाऊण तास बोलली. भावजींचंच सगळं. तारखा दोन ठिकाणी चुकल्या.
मी माफी मागितली. मोठ्याने, दोनदा.