एल्बियोनं वर्षभर काय केलं

ताक्वारेम्बो, ८ मार्च १९९८

चि. एल्बियोस, नीबियाताईचे अ. उ. आ.

तुला बढती मिळाल्याचं आईनं तासाभरात गल्लीभर केलं. दवाखान्यांच्या सहकारी संस्थेत माझा मुलगा आर्किटेक्ट झाला, म्हणून सांगत सुटली. परिणाम असा, की समोरचे वॉशिंग्टन खाटीक ‘माते’ चहाचा पेला घेऊन हजर, वरचा मजला किती उंच चढवावा ते विचारायला! मी म्हटलं, आमचा एल्बियो कॉम्प्युटरवाला, त्याला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. तर आई माझ्यावरच उखडली.

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटरची खोकी येऊन पडली आहेत. मी मुख्य नर्स, म्हणून साऱ्याजणी मलाच विचारतात, यात आपलं काय भलं होणार? तेव्हा बाबा रे, तू नक्की काय करतोस ते एकदा मला समजेल असं लिही.

जेवणाची हेळसांड नको. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
नीबियाताई


मोंतेविदेओ, २९ मार्च १९९८

ती. नीबियाताईस, एल्बियोचा सा. न. वि. वि.

प्रोग्राम दुसरी मंडळी लिहितात. मी ठरवतो ते इतकंच, की कुठली माहिती कुणाकडे राहील, कोण कुणावर अवलंबून असेल, आणि एक भाग बंद पडला तर बाकीच्यांचं काय. कॉम्प्युटरच्या पडद्याचा रंग उद्याही बदलता येतो. हे मात्र चुकलं, की सगळं पाडून पुन्हा करावं लागतं.

त्यावरूनच आमचे संचालक बेंतांकोर आणि मी, आमची जुंपली आहे. त्यांना सगळ्या पेशंटांची माहिती इथल्या एकाच मोठ्या मशीनमध्ये हवी; तुम्ही दर वेळी फोनच्या तारेवरून तिथे विचारायचं. मी म्हणतो, प्रत्येक दवाखान्याची माहिती त्याच्याच कॉम्प्युटरवर राहू दे, मोठ्या मशीनला सवडीनं कळेल. तार तुटली आणि कुणाला कोणतं औषध चालत नाही हेच नर्सला दिसलं नाही, तर? साहेब हसले. म्हणाले, तार तुटण्याच्या भीतीनं कुणी फोन घ्यायचा थांबतो का! माझ्या पद्धतीनं उद्घाटन लांबतं, हे त्यांचं खरं दुखणं. शेवटी मी सांगून टाकलं, असं करायचं नसेल तर दुसरा माणूस बघा.

साहेबांनी मान्य केलं. पण जिन्यात कुणीही भेटलं की सांगतात, आमचा आर्किटेक्ट चौकोन काढतो, बाण जोडतो आणि त्याचाच पगार घेतो.

आईला नमस्कार. रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा,
एल्बियो


ताक्वारेम्बो, ६ डिसेंबर १९९८

चि. एल्बियोस, अ. उ. आ.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. सोमवारच्या वादळानं निलगिरीची झाडं पडली, त्यांनी फोनचे खांब आडवे केले, तेव्हापासून फोन मुका.

दवाखान्यात मात्र मरायला फुरसत नाही. मंगळवारी ओदिलोन नावाचा मेंढ्यांची लोकर कातरणारा आणला. जखम चिघळून हात कोपरापर्यंत सुजलेला, ताप इतका की बोलता येईना; नाव सोबत्यांनी सांगितलं. मी पेनिसिलिन सुईत भरलंसुद्धा होतं. कॉम्प्युटरवर नाव घातलं तर इशारा आला, की याला पेनिसिलिन देऊ नये, मागे इथेच जीव जाता जाता वाचला आहे. भरलेली सुई टाकून दिली. दुसरं औषध दिलं. आज सूप बेचव म्हणून मला शिव्या घालतोय, म्हणजे बरा आहे.

बाकी खरं सांगू? तुझ्या कॉम्प्युटरचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. जुनं कपाटही हेच सांगायचं, फक्त हळू. एवढं भांडून तू वेगळं काय केलंस, ते आईलाही कळत नाही आणि मलाही.

राग मानू नये, मानलास तर लगेच कळवावा.

तुझी,
ताई


मोंतेविदेओ, १५ डिसेंबर १९९८

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसलो. अगं, फोन मुका म्हणजे तारच नव्हती! शिवाय त्याच वादळात आमच्या तळघरात पाणी शिरलं आणि मोठं मशीन आठवडाभर बंद होतं. एकाही दवाखान्यानं तक्रार केली नाही. तुला काही कळलंच नाही ना, त्यासाठीच मी भांडत होतो.

साहेबांनी सभा घेतली. म्हणाले, मशीन इतके दिवस बंद, तरी कुणाचं अडलं नाही. म्हणजे ही व्यवस्था इतकी सोपी, की तिला आर्किटेक्टची गरजच नव्हती. नव्या वर्षापासून माझी जागा रद्द. मी विनंती केली, हे वाक्य जसंच्या तसं लिहून सही करून द्या. त्यांना माझी दया आली, दिलं. आमच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं मी ऐकलं नाही. काल एका मुलाखतीत तेच पुढे केलं. तिथल्या बाई हसल्या खूप, पण उत्तर अजून नाही.

आईला इतक्यात सांगू नकोस. तुझा लोभ बेकारालाही पुरावा.

एल्बियो


ताक्वारेम्बो, २२ डिसेंबर १९९८

चि. एल्बियोस, अ. उ. आ.

आईला सांगितलं. लपवणं मला जमत नाही.

फोन सुरू झाला आहे. काल दवाखाना भरलेला असताना मी भिंतीतून फोनची तार उपटली आणि ओदिलोनचं नाव घातलं. इशारा आला. मग एका म्हातारीचं घातलं, तिचंही सगळं आलं. तिसरं घातलं. डॉक्टर ओरडले, नीबिया, लोक खोळंबलेत, काय चाललंय तुझं? मी म्हटलं, थांबा जरा, भावाचं काम बघतेय.

नाताळला घरी ये.

तुझी,
ताई