भेटखोलीचा पडदा

१२ जानेवारी १९७०

पडदा काढणार! मदरांनी जेवण झाल्यावर सांगून टाकलं. भेटखोलीतली लोखंडी जाळी आणि तिच्यावरचा काळा पडदा – दोन्ही. रोमहून पत्र आलंय, मठांनी आता नव्यानं विचार करावा म्हणून. सगळ्या खूश. मी पोळपाट घासत राहिले. घासून झाला तरी घासतच राहिले.

एकवीस वर्षं घरच्यांनी माझा फक्त आवाज ऐकलाय. आणि नऊ वर्षांपासून माझ्या तोंडावर कोड आहे. आधी ओठांवर, मग डोळ्यांभोवती, आता दोन्ही हातांवर. मायला सांगितलं नाही. कशाला सांगू? पडदा होता ना!

१३ जानेवारी

डोळ्याला डोळा नाही. मनोहरदादाच्या प्रेमिलाची सोयरीक ठरली आहे. मुलगा खापरखेड्याच्या वीजघरात फिटर. ईस्टर झाला की लग्न. आणि तिच्या सख्ख्या आत्याला कोड! कळलं की झालंच. घराण्यातच आहे म्हणतील, नि उठून जातील.

१८ जानेवारी

मदरांकडे गेले. त्या बेल्जियमच्या. म्हणाल्या, "सिस्टर स्कोलास्तिका, देवाच्या लेकीला लाज कसली?" मन मोठं आहे त्यांचं. पण आमच्याकडे सोयरीक कशी मोडते, ते त्यांना काय ठाऊक! शेवटी म्हणाल्या – मतदान होणार आहे, नको असेल तर नको म्हण.

आता आम्हा स्वयंपाकघरातल्या सिस्टरांनाही मत आहे. तेही नवंच. आजवर चॅपलमध्ये लॅटिन प्रार्थना म्हणणाऱ्यांनाच होतं. आम्ही आपल्या चुलीपाशी बऱ्या होतो बापा!

२४ जानेवारी

मतदानाचे वाल मीच निवडून दिले. सतरा पांढरे, सतरा काळे. पांढरा म्हणजे होय, काळा म्हणजे नाही. प्रत्येकीला दोन्ही मिळतात. एक पेटीत टाकायचा, दुसरा मुठीत झाकून न्यायचा.

मी काळाच टाकणार. ठरलं.

२५ जानेवारी

काय करून बसले मी हे!

पेटी सिस्टर आग्नेसच्या हातात होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं असेल, तिच्या मनात काही नसेलही. पण मला वाटलं – एकच काळा निघाला तर सगळ्यांना कळेल, हा हिचाच. पांढरा टाकला आणि जागेवर येऊन बसले.

सतराच्या सतरा पांढरे! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. मूर्ख बाई! स्वतःच्या हातानं स्वतःचा पडदा ओढून काढला.

३१ जानेवारी

लोहार येऊन गेला. भिंतीला नुसती भोकं उरलीत.

२ फेब्रुवारी

दर वर्षी दहा फेब्रुवारीला, मठात आल्यावर जिचं नाव मला मिळालं त्या संतिणीचा सण असतो, तेव्हा माय भेटायला येते. आज तिला पत्र टाकलं – यंदा भेटी बंद आहेत, येऊ नकोस. खोटं! मठात बसून, क्रुसाखाली बसून खोटं लिहिलं.

६ फेब्रुवारी

मायचं उत्तर आलं. कोणाकडून तरी लिहवून घेतलंय, पण शब्द तिचेच – "जयवंता, भेटी काहून बंद राहीन वं? फादर तर सांगून राहिले होते का जाळी काढली म्हणून. मी येतोच. प्रेमिलाची होणारी सासू रुखमाबाई, ते बी येतो म्हणते. तिले आपली सिस्टर पाहाची हाये."

पाहायची आहे! आज वरणात दोनदा मीठ पडलं.

९ फेब्रुवारी

चहाचा चोथा ओठांवर घासून पाहिला, चांगला अर्धा तास. ओघळ गळ्यापर्यंत आले, डाग जसेच्या तसे! आग्नेस म्हणाली, "काय गं, काढा सांडलास की काय?" हसू आलं. मग रडूच आलं.

देवा, उद्या मला ताप येऊ दे.

१० फेब्रुवारी

ताप आला नाही. त्या आल्या.

रुखमाबाई व्हरांड्यात चपला काढत होत्या. माय पुढे आत आली. केवढीशी झाली आहे! आवाजावरून वाटायचं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. आता ओरडेल, मग ओरडेल...

कडी लावल्याचा आवाज आला. माझे हात हातात घेतले तिनं, एकवीस वर्षांनी. उलटेपालटे करून पाहिले, बाही कोपरापर्यंत सारली. "वरतं बी हाये?" एवढंच. मी मान हलवली. ती दचकली नाही. जराही नाही. माझ्या कानाशी तोंड आणून दोन शब्द बोलली, कडी काढली आणि बाहेर गेली. दाराआडून ऐकू आलं – "पोरीले ताप हाये बाई, आज नाही भेटत. चाला." काय शांत आवाज!

प्रेमिलाचं लग्न वाचलं. मला आनंद व्हायला हवा. माय काय बोलली ते आज लिहवत नाही.

११ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

लिहूनच टाकते. "तुह्या पाठीवरचा पह्यला डाग मीच पाह्यला होता, जयवंते. सोळाची होती तू. तुले कोनं केलं असतं? म्हनून इथं आनून सोडलं."

आणि मी एकवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, मला देवानं बोलावलं.