पन्नाशीच्या पुढचे

४ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न.

आम्ही मजेत, आई कुरकुरतेय, म्हणजे तीही मजेत. बाबांना कारखान्यात नवं काम लागलंय, मालाच्या लिफ्टवर. पोत्यांबरोबर दिवसभर वर-खाली. दोर इतका विरलाय की लिफ्ट वर जाताना कण्हते. तरुण पोरांना तिथून हलवलं, आता फक्त पन्नाशीच्या पुढचे. मुकादम म्हणतो, हेड ऑफिसचा हुकूम. तू तिथंच आकडे मांडतेस ना? साहेबाच्या कानावर घाल की.

काल डबा द्यायला गेलो आणि लिफ्टवर ‘बिघडली आहे’ अशी पाटी अडकवून आलो. सगळे चहाला पळाले! अक्षर बाबांनीच ओळखलं. कान अजून लाल आहे.

माया असू दे, जमलं तर खाऊ पाठव.
तुझा,
उपद्व्यापी

१२ जून

चि. उपद्व्यापीस,
अ. उ. आ.

तो हुकूम माझ्याच आकड्यांवरून निघालाय रे. नवा दोर महाग की माणूस, असा हिशेब साहेबांनी मागितला. माणूस गेला तर भरपाई त्याच्या उरलेल्या कमाईची. म्हणजे तरुण महाग, म्हातारा स्वस्त. मी लिहून दिलं, तिथं वयस्कर ठेवा, दोर बदलायला नको. शाबासकीही मिळाली. बाबांचं वय डोक्यातच आलं नाही.

साहेबांपुढे रडले. ते म्हणाले, बाबांना गेटवर बसवू, दोराचं मात्र बोलू नकोस. बदली माणूस तूच सुचव. मी कारखान्यातल्या आपल्या शिट्टीकाकांचं नाव दिलं. त्यांना मागेपुढे कुणी नाही, म्हणून. आईला सांगू नकोस.

तुमच्या सगळ्यांची,
ताई

२० जून

ताई,

नमस्कार-बिमस्कार राहू दे. शिट्टीकाकांना कुणी नाही म्हणे! तुला सायकल कुणी शिकवली गं? गुडघा फुटला तेव्हा खांद्यावर घेऊन कोण आलं होतं?

ते लिफ्टमध्येही शिट्टी वाजवत वर जातात. आणि बाबा गेटवर बसतच नाहीत. लिफ्ट हलली की धावत येऊन तिच्या खाली उभे राहतात, मान वर करून, झेलणारच असल्यासारखे. मी हात धरून ओढलं, ओरडलो, खोटंच पडून दाखवलं. हलले नाहीत. म्हणाले, माझ्या जागी गेलाय तो, मी गेटवर कसा बसू?

मला एकही खोडी सुचत नाहीये. तुझ्या हिशेबात आता एक माणूस धरायचा की दोन, तेवढं कळव.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं, तेही जमत नाही.
तुझाच,
धाकटा