माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय

१२ मार्च २०२०
पोहोचलो! एकाहत्तराव्या वर्षी नव्या गावात राहायला येऊन माणूस इतका खूश होऊ शकतो, हे कोल्हापुरात कुणाला पटलं नसतं. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी आपल्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेलं हे घर: सात खोल्या, एक लांब ओसरी, कडेने नारळ. चाळीस वर्षं सभा गाजवल्या. आता राजवाड्यातल्या ग्रंथालयात मोडी कागद वाचायचे आणि गप्प बसायचं.

शेजारच्या खोलीत राजम अक्का. वय ऐंशी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले; शस्त्रक्रिया एकतीस तारखेला. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, हा माणूस नव्हे, वर्तमानपत्र आहे. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे, आणि आमच्याकडे केव्हाच मेलेले शब्द त्यात ठणठणीत आहेत.

१७ मार्च
गप्प बसणं पाच दिवस टिकलं. अक्कांनी टोमणा मारला की वर्तमानपत्राला आज सुट्टी का? मग संध्याकाळी पाचला ओसरीवर बोललो, म्हातारपणाच्या हक्कांवर. इथे टाळ्या नाहीत. कॉफीचा टंबलर त्याच्या वाटीवर, दवऱ्यावर, ठोकतात. सहा टंबलर एका तालात. अंगावर मूठभर मांस चढलं.

२६ मार्च
देश बंद. अक्कांची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, कधीपर्यंत ते कुणी सांगत नाही. त्यांना आता फक्त पांढरं दिसतं. मला त्या आवाजावरूनच ओळखतात.

७ एप्रिल
आचाऱ्याला लागण झाली. व्यवस्थापक सतीशकुमारने आम्हा सगळ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या. आमच्याच भल्यासाठी, म्हणे. ताट खिडकीतून येतं. तीन नंबरमधले भीमसेनराव, एके काळचे पोस्टमास्तर, दुपारभर बायकोला हाका मारत होते. ती जाऊन बावीस वर्षं झाली. अक्का भिंतीपलीकडे पाढे म्हणतात. आज एकोणिसाच्या पाढ्यात थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्याच नाहीत.

हा रोग फुप्फुसांचा असेल. इथे माणसं कडीने मरताहेत. कैद्यालासुद्धा शिक्षेची मुदत सांगतात!

११ एप्रिल
पाचला खिडकीच्या गजांना तोंड लावून बोललो. असा मी आयुष्यात बोललो नसेन. कड्या निघेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, एवढंच शस्त्र आपल्या हातात आहे, असं म्हणालो. आणि जुन्या लढ्यांचा अनुभव होता, म्हणून पुढचंही बजावलं: "ते येऊन सांगतील की संप मिटला. सांगतील की मीच जेवलो. माझ्यासारखा माणूस आणून उभा करतील. विश्वास ठेवू नका. माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय घास घ्यायचा नाही."

सहाही टंबलर वाजले. मग भिंतीपलीकडून अक्का, चार दिवसांत पहिल्यांदा: "तुमी म्हणाल तंवर मी तोंड उघडत नाही वो."

त्यांच्या आवाजात पुन्हा जीव होता. मी रडलो.

१२ एप्रिल
सगळी ताटं परत. सतीशकुमार हात जोडून फिरतो आहे. माझा घसा खवखवतो. बोलण्याने असेल.

१३ एप्रिल
ताप. धाप. पाचला उभं राहता आलं नाही. टंबलर वाजत होते, माझी वाट पाहत—

२८ एप्रिल
आज परत आणलं. इस्पितळात घशात नळी होती. नळीने अन्न दिलं. म्हणजे मीच पहिला जेवलो. आवाज गेला आहे. कुजबुजसुद्धा फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, महिने लागतील, कदाचित येणारही नाही.

नागलक्ष्मीने, इथल्या मदतनीस बाईने, पदराने डोळे पुसत सांगितलं ते तसंच लिहितो. कड्या चौदा तारखेलाच काढल्या. आपण जिंकलो होतो. सतीशकुमारने दारोदार जाऊन सांगितलं, जेवा. कुणी जेवलं नाही. माझ्या तोंडून ऐकायचं होतं ना! सलाइनच्या सुया उपसून टाकल्या. एकीला मुलाने उचलून नेलं. भीमसेनराव एकोणीसला गेले. मग आणखी तिघं.

उरल्या अक्का. पाणी घेतात, बस्स.

त्यांच्याजवळ गेलो. हात हातात घेतला. नागलक्ष्मीने सांगितलं की बाळकृष्णराव आलेत. अक्कांनी माझ्या तोंडावरून बोटं फिरवली. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मी तोंड उघडलं, नुसती हवा आली. अक्का हसल्या. म्हणाल्या, "हे बोलत नाहीत. त्यांनी सांगिटलंच होतं, दुसरा कुणी आणतील म्हणून."

२९ एप्रिल
दिवसभर पेजेची वाटी घेऊन बसलो. ओठ शिवल्यासारखे. डॉक्टर फोनवर म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन.

पाचला टंबलर वाजले. पाच खोल्या रिकाम्या, मीच कुलपं पाहिली आहेत. तरी सहाही टंबलर वाजले.

३० एप्रिल
वेड लागलेलं नाही. नागलक्ष्मीनेही झाडू टाकला आणि कान झाकले. आधी टंबलर. मग माझ्या बंद खोलीतून, माझा आवाज. तेच वाक्य, तोच चढ. घास घ्यायचा नाही.

अक्कांचा चेहरा उजळला. मी ओरडलो. नुसती हवा.

दार आतून लावलेलं; तोडलं. आत कुणी नाही. गजांवर थुंकीचा ओलावा—ताजा—

१ मे
सकाळपासून त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतो आहे. जेवा. जेवा. हात ओढून घेतात. नाडी मध्येच थांबते.

आयुष्यभर बोललो. एक शब्द हवा आहे. एकच—

दुपारी
सतीशकुमार नागलक्ष्मीला घेऊन गेला. ती इथे थांबायला तयार नाही. आम्ही दोघंच. वही मांडीवर, वाटी हातात.

पाच
टंबलर नाहीत आज. माझ्या खोलीतही शांत. पेज कोमट आहे. चमचा ओठांना लावला.

उघडले! अक्कांनी ओठ उघडले—देवा—

गिळत नाहीत. पेज हनुवटीवरून ओघळते. तोंड मोठं होत चाललं. जीभ हलत नाही, ओठ हलत नाहीत, आणि आतून, घशातून, माझा आवाज. मलाच सांगतो आहे, माझ्या तोंडून ऐकल्याशि